लाल तेवढा ठेवायचा होता

अण्णांच्या एकसष्टीला फ्लेक्स लावायचा हे ठरलं आणि कुठला फोटो लावायचा यावरून घरात दोन तट पडले. आईला भावाच्या लग्नातला, सिल्कचा सदरा घातलेला फोटो हवा होता. मला कारखान्यातला. कामाच्या शेवटच्या आठवड्यात मी सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्यांच्या शेडवर मुद्दाम गेलो होतो आणि मोबाइलवर दहा-बारा फोटो काढून आणले होते. त्यातल्या एकात अण्णा मागाशेजारी उभे आहेत, अंगात बनियन, मान जराशी वाकवलेली, आणि मागावरून नुकतीच उतरवलेली लाल चादर दोन्ही हातांवर पसरून तिच्यात कुठं खोट राहिलीय का ते बघतायत. मी फोटो काढतोय हे त्यांना कळलंही नव्हतं. सगळे माग एकदम चालू असले की तिथं माणूस माणसाला हाका मारत नाही, खुणा करतो. ३६ वर्षं त्या आवाजात काढल्यामुळं अण्णांना आता कमी ऐकू येतं आणि आमच्या घरात सगळेच जरा मोठ्यानं बोलतात.

फोटोतले अण्णा झकास होते. बाकीचा फोटो म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतला खेळण्यांचा स्टॉल. ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, कोपऱ्यात निळं पिंप, मागं गुलाबी आणि पोपटी चादरींचे गठ्ठे, दोरीवर कुणीतरी वाळत टाकलेला पिवळाधमक टॉवेल, भिंतीला टांगलेल्या आगीच्या दोन लाल बादल्या. नजर अण्णांपर्यंत पोचायच्या आधी त्या टॉवेलात अडकायची. आई म्हणाली ते खोटं नव्हतं, "ह्यात तुझे वडील शोधायला लागतात."

तेव्हा डोक्यात आलं की सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा आणि चादर तेवढी लाल ठेवायची.

हे कबूल करताना थोडी लाज वाटते, कारण मी याच प्रकाराला नावं ठेवणाऱ्यांपैकी. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एक पूर्ण पान असं आहे: मी राखाडी, बायको राखाडी, मागचा मंडप राखाडी आणि तिच्या हातातला गुलाब लालभडक. तो गुलाब फोटोग्राफरचा होता, प्लॅस्टिकचा. फोटोतलं कुणीही त्या गुलाबाकडं बघत नाहीये. अण्णांच्या फोटोत मात्र अण्णा स्वतः चादरीकडं बघत होते. रंग जिथं ठेवायचा तिथंच फोटोतल्या माणसाची नजर असेल तर हा प्रकार चालतो, नाहीतर तो नुसता नखरा होतो, असं माझं मत तेव्हा झालं आणि अजून तेच आहे.

मी फोटोग्राफर नाही. मार्केट यार्डात आडतीच्या दुकानात हिशेब लिहितो. कांद्याच्या हिशेबपट्ट्या सोडून कॉम्प्युटरवर फारसं काही केलेलं नाही. त्यामुळं आधी सोपा रस्ता धरला. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं, रंगांच्या यादीतला लाल निवडला. एका सेकंदात फोटो तयार. चादर लाल होतीच, पण बादल्याही लाल होत्या. अण्णांचे कान लाल, ओठ लाल, कपाळावरचा गंध लाल, आणि चादरीखाली धरलेली बोटं अशी लाल की नुकतंच कुणाला तरी मारून आलेत. खालची फरशीसुद्धा दोन-तीन ठिकाणी गुलाबी. मी अ‍ॅपला शिव्या घातल्या, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला चादर माहीत नाही, लाल माहीत आहे. आणि जगात लाल किती ठिकाणी असतो हे बाकीचे रंग काढून टाकल्याशिवाय समजत नाही.

मग बायकोच्या लॅपटॉपवर गिम्प टाकलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, १९९६ पासून आहे, आणि पहिल्यांदा उघडलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं. पहिल्याच रात्री मी जी चूक केली ती बहुतेक सगळे करत असावेत. 'इमेज' मेनूत 'मोड' आहे, त्यात 'ग्रेस्केल' आहे. मी म्हटलं, हेच ते. दाबलं, फोटो राखाडी झाला. आता चादरीवर लाल परत आणायचा म्हणून ब्रश घेतला, लाल रंग निवडला, फिरवला, तर ब्रशमधून राखाडीच येतोय. गडद लाल घेतला तरी राखाडी. अर्धा तास मी ब्रशच्या सेटिंगमध्ये चूक शोधत होतो. ग्रेस्केल मोड म्हणजे अख्ख्या फाइलमधून रंग नावाची गोष्टच काढून टाकणं; त्यानंतर तिथं लाल राहायला जागाच नसते. कंट्रोल झेड दाबत मागं आलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी रीतसर सुरुवात केली. फोटोचा लेयर डुप्लिकेट करायचा, म्हणजे एकावर एक दोन सारखे फोटो होतात. खालच्याला हात लावायचा नाही. वरच्यातला रंग 'कलर्स' मेनूतल्या 'डिसॅच्युरेट'नं काढायचा. आता वर राखाडी, खाली रंगीत. वरच्याला चादरीच्या आकाराचं भोक पाडलं की खालचा लाल दिसणार. कल्पना एवढीच.

पण राखाडीसुद्धा एक नसतो, हे डिसॅच्युरेट उघडल्यावर कळलं. तिथं पाच पद्धती आहेत. 'ल्युमिनन्स' ही माणसाच्या डोळ्याच्या जवळ जाणारी: आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ दिसतो, म्हणून हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के. 'लाइटनेस'मध्ये तसं काही नाही, प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्याच्या तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान घेऊन सरासरी काढतात. त्यामुळं त्या पद्धतीत शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिघंही अगदी एकाच राखाडीत येतात. हिशेबातला माणूस असल्यामुळं मला हे फार आवडलं. मी लाइटनेस लावून बघितलं तर निळं पिंप आणि त्याच्या शेजारचा पोपटी गठ्ठा एकमेकांत मिसळून एक मोठा ढेकूळ झाला. ल्युमिनन्सला पिंप काळपट झालं, गठ्ठा उजळ झाला, आणि पिवळा टॉवेल जवळजवळ पांढरा होऊन निमूट मागं सरला. ज्या टॉवेलानं एवढा त्रास दिला त्याचा बंदोबस्त एका क्लिकमध्ये झाला.

त्याच मेनूत 'मोनो मिक्सर' नावाचं अजून एक आहे. तिथं तिन्ही रंगांचे वाटे आपल्या हातानं ठरवता येतात. माणसाच्या कातडीत लाल जास्त असतो, त्यामुळं लालचा वाटा वाढवला की चेहरा उजळतो. मी सहज स्लायडर पुढं ओढला आणि अण्णा गोरेपान झाले. नेमकी तेव्हाच आई चहा घेऊन आली. "हा बघ, हा चांगलाय. हाच ठेव." मी म्हटलं, आई, हे अण्णा नाहीत. "असू दे की, एक दिवस." ती आत गेल्यावर मी स्लायडर मागं आणला. पूर्ण नाही आणला. थोडा आईच्या बाजूनं ठेवला.

मग मास्क. राखाडी लेयरवर राइट क्लिक, 'अ‍ॅड लेयर मास्क', त्यात 'व्हाइट', म्हणजे पूर्ण पांढरा. लेयरच्या छोट्या चित्राशेजारी एक पांढरा चौकोन येतो. या चौकोनात जिथं पांढरं तिथं वरचा लेयर दिसतो, जिथं काळं तिथं वरचा लेयर गायब आणि खालचा दिसतो. रंग भरायचा नसतोच, काळा ब्रश फिरवायचा आणि लाल आपोआप बाहेर येतो. पहिल्यांदा चादरीच्या मधोमध काळा ब्रश फिरवला आणि राखाडीतून लाल पट्टा उगवला तेव्हा मी खुर्चीतून उठून बायकोला उठवायला गेलो होतो. रात्रीचा एक वाजला होता, तिनं काही कौतुक केलं नाही.

हा मास्क मी सकाळी अण्णांना समजावून सांगायला गेलो. निवृत्तीनंतर त्यांना वेळच वेळ होता आणि ते सारखे मागून येऊन विचारायचे, "काय करलालास रे, एवढं काय बघतोस त्याच्यात?" मी मोठ्यानं सांगितलं, काळं-पांढरं आहे, पांढऱ्याला वरचं दिसतं, काळ्याला खालचं. अण्णांनी चष्मा लावला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे कार्ड."

जॅकार्डचं कार्ड. मी लहानपणापासून ती कार्डं बघत आलोय, डबा द्यायला गेलो की मागावर जाड पुठ्ठ्यांची माळ फिरताना दिसायची, पण ती काय करते हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी अण्णांनी पेपरच्या समासात काढून दाखवलं. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. कार्डाला जिथं भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याची तार, म्हणजे उभा धागा, वर येते. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, तार खालीच राहते. मग धोटा आडवा धागा घेऊन मधून जातो. पुढचं कार्ड. चादरीवरचा मोर असो की वेलबुट्टी, ती अशीच हजारो वेळा वर-खाली करून बनते. फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जकार्डनं हे यंत्र १८०४ च्या सुमाराला केलं, आणि भोक आहे किंवा नाही, या दोनच उत्तरांवर चालणारी कार्डं पुढं हिशेबाच्या यंत्रांनी आणि मग कॉम्प्युटरनंही घेतली. म्हणजे मी लॅपटॉपवर जे शिकत होतो ते अण्णा मागावर ३६ वर्षं वापरत होते. त्यांना याचं विशेष काही वाटलं नाही. "भोक चुकलं की डिझाइन चुकतं," एवढं म्हणून ते फिरायला गेले.

भोक चुकलंच. मास्क लावल्यावर लेयरचं चित्र आणि मास्कचा चौकोन असे दोन पर्याय शेजारी असतात, आणि ज्याच्याभोवती बारीक पांढरी चौकट असेल त्याच्यावर ब्रश चालतो. मी मधेच फोटोच्या चित्रावर क्लिक केलं होतं. ब्रश फिरवला तर लाल यायच्या ऐवजी अण्णांच्या मनगटावर डांबर सांडल्यासारखा काळा डाग. पुसायला जाऊन अजून पसरला. हे इतक्यांदा झालं की शेवटी नियमच केला: ब्रश उचलण्याआधी चौकट बघायची. दुसरी कामाची गोष्ट म्हणजे 'एक्स'चं बटण. त्यानं काळा आणि पांढरा जागा बदलतात. काळ्यानं लाल बाहेर काढायचा, रेषेबाहेर गेला की एक्स दाबून पांढऱ्यानं परत झाकायचा. खोडरबर लागतच नाही. चौकोनी कंसाच्या दोन बटणांनी ब्रश लहान-मोठा होतो. डावा हात या तीन बटणांवर बसला आणि कामाला जरा लय आली.

सगळी चादर ब्रशनं रंगवण्याऐवजी लाल रंगावरून निवड करायची, म्हणून 'सिलेक्ट बाय कलर' घेतलं. चादरीवर क्लिक केलं आणि अर्धी शेड निवडली गेली. का, तर मी राखाडी लेयरवर उभा राहून क्लिक करत होतो. तिथं लाल कुठला? त्या राखाडीसारखा राखाडी जिथं जिथं होता ते सगळं त्यानं गोळा केलं. खालच्या रंगीत लेयरवर जाऊन निवडायचं आणि मग मास्कवर येऊन काळं भरायचं, असा तो क्रम आहे. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती.

याची रंगीत तालीम मी गड्ड्याच्या एका फोटोवर केली होती. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा फोटो. माणसं सगळी पांढऱ्या बाराबंदीत, त्यामुळं तो फोटो मुळातच अर्धा ब्लॅक अँड व्हाइट. एका पोराच्या डोक्यावर भगवा फेटा होता, तेवढाच ठेवावा म्हटलं. फेट्यावर क्लिक केलं आणि गर्दीतले सगळे चेहरे निवडले गेले. बघायला गेलं तर आपल्या सगळ्यांची कातडी नारिंगीच असते, गोरा असो की सावळा. फक्त त्या नारिंगीत राखाडी किती मिसळलाय ते वेगळं. फेट्याचा नारिंगी भरदार, चेहऱ्याचा फिका. म्हणून तिथं नुसत्या रंगछटेवर न जाता 'थ्रेशोल्ड' कमी करावा लागतो, म्हणजे मूळच्या रंगाशी अगदी जवळचाच रंग घे, लांबचा नको. १५ वरून ८ वर आणला तेव्हा चेहरे सुटले, पण फेट्याच्या घडीतल्या सावल्याही सुटल्या. तिथून पुढं ब्रशच.

चादरीला मी दोन्ही वापरलं. आधी रंगावरून निवड, मग लॅसोनं चादरीभोवती ढोबळ कुंपण, आणि दोन्हींत सामायिक तेवढाच भाग ठेवायचा. यात बादल्या, कान, गंध एका फटक्यात बाहेर गेले. राहिली ती कड.

कडेवर मी चार संध्याकाळी घातल्या. ४०० टक्के झूम केलं की चादर चादर राहत नाही, चौकोनांचा ढीग होतो. आणि लाल हा चादरीच्या रेषेवर थांबतच नव्हता. एक-दोन चौकोन बाहेर, बनियनवर सांडलेला. मला वाटलं माझा हात हलतोय. हात नव्हता हलत. मोबाइल बहुतेक वेळा जेपेग फाइल बनवताना उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा लिहितो, पण रंगाची नोंद मात्र चार पिक्सेल मिळून एकच करतो, जागा वाचावी म्हणून. डोळा उजेडाला तिखट आणि रंगाला ढिला असल्यानं एरवी कुणाला पत्ता लागत नाही. पण आजूबाजूचा रंग काढून टाकला की ती चोरी उघडी पडते. उपाय एकच: निवडीची कड एक पिक्सेल आत घ्यायची आणि किंचित मऊ करायची. फार मऊ केली तर चादरीभोवती लाल धूर दिसतो, देव्हाऱ्यातल्या फोटोसारखा.

दशांना तर हात जोडले. चादरीच्या टोकाला सोडलेल्या धाग्यांच्या गाठी, त्यांतून मागची फरशी दिसतेय, आणि त्यांवर मागावरचा कापसाचा पांढरा तूस बसलेला. एकेक धागा तीन पिक्सेलच्या ब्रशनं काढला. झालं एकदाचं म्हणून अण्णांना बोलावलं. त्यांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं. फोटोतल्या स्वतःकडं बघितलंच नाही, सरळ चादरीवर बोट ठेवून उजव्या कडेनं खाली सरकत गेले, आणि एका जागी नख थांबलं.

"इथं दोन तारा गेल्यात."

मी म्हटलं कुठं? "इथं. वर हाय, खाली हाय, मधी नाही." मी झूम केलं. खरंच, त्यांच्या अंगठ्याखालून चादर वळते तिथं माझ्या ब्रशनं एक बारीक उभी रेघ सोडली होती, राखाडी. १०० टक्क्याला मला ती दिसलीच नव्हती. मूळ फोटोत चादर तिथं साबूत होती, खोट मास्कची होती. पण अण्णांना मास्क नि बिस्क काही नव्हतं. लाल कापडात एक उभी रेघ बिनलालीची, म्हणजे तार तुटून माग तसाच चालवलाय. "असा माल परत येतो," म्हणाले. नंतर अजून एक काढली, डाव्या हाताच्या कोपराशी. आणि एक अशी जागा दाखवली जिथं माझं काही चुकलं नव्हतं. चादरीतच ती खोट होती. फोटो काढला त्या क्षणी ते बहुतेक तीच बघत होते. ती मी तशीच ठेवली.

शेवटचा प्रश्न कडेचा नव्हता. सगळं झाल्यावर फोटो दुरून बघितला तर अण्णा कागदातून कापून चादरीवर चिकटवल्यासारखे दिसत होते. काय चुकतंय ते दोन दिवस समजेना. मग मूळ रंगीत फोटो शेजारी लावला आणि दिसलं: ट्यूबलाइटचा उजेड चादरीवर पडून वर उसळत होता, आणि त्यांच्या हनुवटीखाली, बनियनच्या पोटावर, दंडाच्या आतल्या बाजूला लालीची एक झाक होती. मी चादर लाल ठेवली आणि तिची झाक पुसून टाकली होती. दिवा ठेवून उजेड काढून घेतल्यासारखं झालं होतं. आता ती झाक परत आणावी तर हनुवटी लाल दिसणार, त्या अ‍ॅपनं केले तसे कान होणार.

मधला मार्ग मास्कमध्येच होता. काळा आणि पांढरा सोडून राखाडीही चालतो. मास्कवर राखाडी म्हणजे रंग अर्धवट दिसणार. मोठा मऊ ब्रश घेतला, त्याची ताकद १५ टक्क्यांवर आणली आणि हनुवटीखालून दोनदा, बनियनवरून तीनदा फिरवला. लाल म्हणून दिसत नाही, पण अण्णा परत त्या शेडमध्ये येऊन उभे राहिले. हे अण्णांना दाखवलं तेव्हा कार्डाची तुलना त्यांनीच मोडीत काढली. "मागावर असं नसतंय. तार वर नाही तर खाली. अर्धी तार कोण उचलणार?"

फाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफमध्ये ठेवली, म्हणजे लेयर आणि मास्क सुटे राहतात, आणि फ्लेक्सवाल्यासाठी जेपेग वेगळी काढली. फ्लेक्स तीन बाय चार फुटाचा. मोबाइलचा फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे इंचाला ८३ ठिपके. कागदावर हे कमी पडतं, पण फ्लेक्स कुणी नाकाला लावून बघत नाही. अण्णा सोडून.

छपाईचं मात्र मी गृहीत धरलं आणि तिथंच फसलो. स्क्रीनवरचा राखाडी छापून आला तो हिरवट, शेवाळलेल्या हौदासारखा. दुकानदार म्हणाला, "मशीन असंच मारतंय साहेब, कलर फोटोला कळत नाही." ते त्याचं खरं होतं. मशीनमध्ये चार शाया: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. राखाडी निव्वळ काळ्या शाईतून येत नाही, बाकीच्या तीन मिसळूनही बनतो आणि त्यांतली एक जरा वरचढ झाली की तोल गेला. रंगीत फोटोत हे खपून जातं. राखाडीत लपायला जागा नसते. लालही स्क्रीनवरचा उतरला नाही, जरा विटकरी आला, कारण स्क्रीनचा लाल उजेडाचा असतो आणि शाईला तेवढी चमक येत नाही. गंमत म्हणजे अण्णांना तो विटकरीच पसंत पडला. चादरीचा खरा रंग त्याच्या जवळचा होता म्हणे, मोबाइलनं उगाच भडक केला होता.

हिरवटपणावर तोड अशी काढली की राखाडीला मीच मुद्दाम हलका तपकिरी रंग दिला, जुन्या स्टुडिओतल्या फोटोंसारखा. आता मशीननं थोडं इकडं-तिकडं केलं तरी ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. आणि दुसऱ्या खेपेला आधी फुटभराची पट्टी छापून घेतली, ज्यात थोडा चेहरा, थोडी चादर आणि थोडी भिंत येईल. पहिल्यांदाच हे केलं असतं तर एक फ्लेक्स वाया गेला नसता. तो वाया गेलेला आता गच्चीवर पाण्याच्या टाकीवर आच्छादन म्हणून बांधलाय. उन्हात त्यातला लालच सगळ्यात आधी उडालाय.

एकसष्टीला फ्लेक्स दारातच लावला होता. पाहुणे आले, बघून गेले, दोघांनी छान म्हटलं, बाकीच्यांचं लक्ष जेवणाकडं. मावशी मात्र बराच वेळ उभी होती. मग आईला म्हणाली, "अगं, छापताना शाई संपली वाटतं त्यांची. पैसे कमी केले की नाही?"

आई काही बोलायच्या आत अण्णांनीच उत्तर दिलं. त्यांना नेमकं हे ऐकू गेलं होतं. "संपली नाही. कार्डच तसं पाडलंय पोरानं." मावशीला काही कळलं नाही, ती हो म्हणून पंगतीला गेली.

आत्याला मात्र फारच आवडला. जाताना माझा हात धरून म्हणाली, "माझा पण कर की असाच. माझी नथ तेवढी रंगीत ठेव." मी हो म्हणून बसलो. परवापासून तिच्या फोटोवर ८०० टक्के झूम करून बसलोय. नथीतले मोती आधीच पांढरे, त्यांचा रंग ठेवला काय आणि काढला काय. उरतो एक लाल खडा, तो अकरा पिक्सेलचा, आणि सोन्याची तार. त्या सोन्याचा रंग आणि आत्याच्या गालाचा रंग गिम्पला अजून वेगळे काढता येत नाहीयेत.